अध्यक्ष अमेरिकेचे, मग ब्रिटिश माणसाचा एवढा संताप कशासाठी?

प्रश्न – रेल्वे लाइन्स, सोलापूर

नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा विंडसरच्या किल्ल्यात शाही पाहुणचार झाला. त्यांची बग्गी किल्ल्याच्या आवारातच फिरवण्यात आली, लंडनच्या रस्त्यांवरून मिरवणूक निघाली नाही, आणि त्याच दिवशी लंडनमध्ये हजारो लोकांनी त्यांच्या विरोधात मोर्चा काढला. वर्गात ही बातमी वाचून दाखवल्यावर अकरावीतल्या एका मुलाने विचारले, “मॅडम, त्यांना ब्रिटिशांनी निवडून दिलेले नाही आणि ब्रिटिश त्यांना काढूही शकत नाहीत. मग एवढ्या लांबच्या माणसावर ते का चिडतात?”

मी त्या वेळी ट्रम्प यांची बोलण्याची पद्धत, युक्रेनविषयीची भूमिका, गाझा, आयात शुल्क असे काही सांगितले. पण तासाची घंटा झाल्यावर माझे मलाच ते उत्तर अपुरे वाटले. हा संताप एका व्यक्तीवरचा आहे की त्याला जुनी मुळे आहेत, आणि अशा संतापाने परराष्ट्र धोरणात काही फरक पडतो का, हे मला त्या मुलाला नीट सांगायचे आहे. जाणकारांनी कृपया लिहावे. परदेशात राहणारे कोणी सोलापूरकर असतील, तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले अवश्य सांगावे.

उत्तर १ – निवृत्त शिक्षक, भवानी पेठ

मॅडम, मुलाने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यावरून माझे मत असे झाले आहे की ब्रिटिश माणसाचा राग वॉशिंग्टनच्या दिशेने दिसत असला, तरी त्याची खरी सल लंडनमध्ये आहे. निर्णय आपल्या मतावर ठरत नाहीत, त्यांची किंमत मात्र आपल्या मुलांच्या जिवाने आणि आपल्या कराच्या पैशाने मोजावी लागते, आणि ज्याला आपण निवडून दिले तो आपला पंतप्रधान तिथे ‘नाही’ म्हणत नाही, हे त्याला सलते.

याची सुरुवात सुएझपासून धरावी. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि शरद ऋतूत ब्रिटन, फ्रान्स व इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला. अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. पौंड घसरू लागला, आणि ब्रिटनने माघार घेतल्याशिवाय तो सावरायला अमेरिका मदत करणार नाही, हे स्पष्ट झाल्यावर ६ नोव्हेंबरला ब्रिटनला युद्ध थांबवावे लागले. जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला. या एकाच प्रसंगातून दोन देशांनी दोन वेगळे धडे घेतले. फ्रान्सने ठरवले की यापुढे अमेरिकेवर विसंबायचे नाही. त्यांचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६६ मध्ये आपला देश नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर काढला. ब्रिटनच्या राज्यकर्त्यांनी ठरवले की यापुढे मोठ्या प्रश्नावर अमेरिकेच्या विरुद्ध जायचे नाही. ब्रिटनच्या पाणबुड्यांवरील ट्रायडेंट क्षेपणास्त्रे आजही अमेरिकेबरोबरच्या सामायिक साठ्यातून येतात, त्यावरील अण्वस्त्रे तेवढी ब्रिटनची स्वतःची आहेत. हे लक्षात घेतले म्हणजे गाठ किती घट्ट आहे ते कळते.

‘नाही’ म्हणता येत नव्हते असे मात्र नाही. व्हिएतनामच्या वेळी अध्यक्ष जॉन्सन यांना ब्रिटनची लहानशी का होईना, एक तुकडी हवी होती. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी ती दिली नाही आणि आकाश कोसळले नाही. तरीही त्यांनी अमेरिकेचा उघड निषेध केला नाही, म्हणून मार्च १९६८ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर स्क्वेअरमध्ये अमेरिकी दूतावासासमोर निदर्शक आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली. रेगन यांच्या काळात ऑक्टोबर १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडावर सैन्य उतरवले. तो राष्ट्रकुलातला देश, तिथे राष्ट्रप्रमुख म्हणून ब्रिटनचीच राणी, आणि पंतप्रधान थॅचरबाईंसारख्या जिवलग मैत्रिणीलाही वेळेवर विश्वासात घेतले नाही. एप्रिल १९८६ मध्ये लिबियावर बॉम्ब टाकणारी अमेरिकी विमाने इंग्लंडमधल्या तळांवरून उडाली, तेव्हाही तिथली जनता नाराज होती.

इराकवरील युद्धाने मात्र या सगळ्यावर कळस केला. १५ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनमध्ये निघालेल्या मोर्चात पोलिसांच्या अंदाजाने साडेसात लाख, तर आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे वीस लाखांपर्यंत माणसे होती. २०११ च्या जनगणनेत आपल्या सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, यावरून ती गर्दी डोळ्यांसमोर आणावी. युद्धाला विरोध म्हणून रॉबिन कुक यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तरी दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मान्यता दिली. इराकमध्ये १७९ ब्रिटिश सैनिक मृत्यू पावले. पुढे या युद्धाची चिलकॉट चौकशी झाली आणि तिच्या २०१६ च्या अहवालात पंतप्रधान ब्लेअर यांनी अध्यक्ष बुश यांना जुलै २००२ मध्ये लिहिलेली टिपणी उघड झाली. काहीही झाले तरी मी तुमच्या बरोबर असेन, असा तिचा आशय होता. म्हणजे मोर्चा निघण्याच्या साडेसहा महिने आधीच शब्द देऊन झाला होता. ब्रिटिश माणूस हे विसरलेला नाही. आजचा अध्यक्ष वेगळा असला, तरी त्याच्याकडे पाहणारी नजर तेव्हा तयार झालेली आहे.

उत्तर २ – होटगी रोड

सरांचा अभ्यास दांडगा आहे, तरी मला या संतापाविषयी एवढी सहानुभूती वाटत नाही. मे १९३० मध्ये याच ब्रिटिश सत्तेने आपल्या गावात लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. माझे आजोबा चार हुतात्मा चौकातून जाताना चप्पल काढून हात जोडत असत, ते मी लहानपणी पाहिलेले आहे. पहिल्या महायुद्धानंतर इराकचा कारभार कोणी ताब्यात घेतला होता, हेही विसरू नये. १९६८ ते १९७३ या काळात हिंदी महासागरातल्या चागोस बेटांपैकी दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ व्हावा म्हणून त्या बेटांवरच्या माणसांना त्यांच्या घरांतून उठवून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडले, ते ब्रिटननेच. तेव्हा लंडनमध्ये लाखांचे मोर्चे निघाले नाहीत. आज त्यांच्या पंतप्रधानाला खाली मान घालावी लागते, म्हणून त्यांना झोंबते. गेलेल्या सत्तेचे हे दुःख आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उत्तर ३ – मूळची सोलापूरची, सध्या लेस्टर, इंग्लंड

दादा, चागोसविषयी तुम्ही लिहिले ते खरे आहे आणि ते इथल्या फार कमी लोकांना माहीत आहे. मी अकरा वर्षे इथल्या सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. मी जे पाहते त्यात मात्र सत्तेचे दुःख मला फारसे दिसत नाही.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, वय सत्तरीच्या पुढे, होजिअरीच्या कारखान्यात मेकॅनिक होते. त्यांचा मुलगा सैन्यात होता आणि अफगाणिस्तानात हेल्मंड प्रांतात दोनदा जाऊन आला. तो सुखरूप परतला, त्याचा मित्र परतला नाही. दोघांचा गणवेशातला फोटो त्यांच्या जिन्यात लावलेला आहे, आणि त्या मित्राच्या आईला ते दर नाताळला स्वतः कार्ड नेऊन देतात. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हाइट हाउसमध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांना जे ऐकवण्यात आले ते आम्ही रुग्णालयाच्या विश्रांतीच्या खोलीत टीव्हीवर पाहिले. एक वरिष्ठ डॉक्टर चहाचा कप तसाच ठेवून उठून गेल्या. त्यानंतर तीन-चार दिवसांनी उपाध्यक्ष व्हान्स म्हणाले की, तीस-चाळीस वर्षे युद्ध न लढलेल्या कुठल्यातरी देशाच्या वीस हजार सैनिकांपेक्षा अमेरिकेबरोबरचा आर्थिक करार हीच युक्रेनच्या सुरक्षेची अधिक चांगली हमी आहे. पुढे त्यांनी खुलासा केला की आपला रोख ब्रिटन किंवा फ्रान्सवर नव्हता. पण युक्रेनमध्ये सैन्य पाठवण्याची तयारी तेव्हा याच दोन देशांनी उघडपणे दाखवली होती. अफगाणिस्तानात ४५७ ब्रिटिश सैनिक मरण पावले आहेत. ते युद्ध ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या हाकेला ओ देऊन लढले गेले होते. शेजारचे ते आजोबा त्या संध्याकाळी आमच्याकडे आले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी एवढेच म्हणाले, “त्या मुलाच्या आईने हे ऐकले असेल का?”

ते २००३ च्या मोर्चाला गेले होते आणि त्या वेळचा पुठ्ठ्याचा फलक त्यांनी गॅरेजमध्ये जपून ठेवला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये गुडघा दुखत असताना ते बसने पुन्हा लंडनला गेले. निघण्यापूर्वी त्यांनी त्याच फलकाच्या मागच्या बाजूला नवा कागद चिकटवला, आणि खळीचा ब्रश माझ्या हातात होता, म्हणून सांगते, त्यावर त्यांनी ट्रम्प यांचे नाव लिहिले नाही. आपल्या पंतप्रधानांचे नाव लिहून, “तुम्ही आमच्या वतीने बोला,” एवढीच ओळ लिहिली. भवानी पेठेतल्या सरांनी वर जे लिहिले आहे, ते मला त्या दिवशी दिसले.

सगळे ब्रिटिश असेच आहेत, असे मी म्हणणार नाही. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याचा भाऊ मोटारींच्या कारखान्यात आहे. मे २०२५ च्या करारामुळे ब्रिटिश गाड्यांवरचे अमेरिकी शुल्क, वर्षाला एक लाख गाड्यांपर्यंत, साडेसत्तावीस टक्क्यांवरून दहावर आले. पंतप्रधान स्टार्मर त्याच वर्षी फेब्रुवारीत राजांचे निमंत्रणपत्र खिशातून काढून ट्रम्प यांच्या हाती देत होते तेव्हा अनेकांना लाज वाटली, पण त्या घराला त्यातून पगार दिसला. त्यांनाही मी चूक ठरवू शकत नाही.

उत्तर ४ – टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी

मी राजकारणावर सहसा लिहीत नाही, परंतु या चर्चेत आमचेही काही आहे. २७ ऑगस्ट २०२५ पासून बऱ्याचशा भारतीय मालावरचे अमेरिकी शुल्क ५० टक्के झाले. त्यातले निम्मे रशियाकडून तेल घेतल्याबद्दल. ते तेल आमच्या कारखान्याने घेतले नव्हते आणि यंत्रमागावर उभा राहणारा आमचा कामगार तर सायकलवर येतो. तेव्हापासून माझ्या गोदामात टेरी टॉवेलच्या गाठी पडून आहेत. प्रत्येक टॉवेलच्या काठाला अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचे लेबल शिवलेले आहे, त्यामुळे तो माल इथे चाटी गल्लीतही विकता येत नाही. लेबल उसवायला बसवले तर काठाचा धागा निघतो आणि माल दुय्यम ठरतो. दोन बायकांना दिवसभर बसवून मी हे करून पाहिले आहे. दोन पाळ्यांची एक पाळी केली. ज्या बारा जणांना घरी बसायला सांगितले, त्यांतले दोघे माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे आहेत.

म्हणून त्या मुलाचा प्रश्न वाचल्यावर मला वाटले की उत्तर सोलापुरातही आहे. ज्याला आपण मत दिले नाही त्याच्या सहीने आपल्या घरातली चूल मंदावते, तेव्हा माणूस आपल्या सरकारकडेच पाहतो आणि विचारतो, तुम्ही काय करता आहात? होटगी रोडच्या मित्रांना नम्रपणे सांगतो, त्या चार हुतात्म्यांना मीही वंदन करतो. पण मुलाच्या मित्राचा फोटो जिन्यात लावणाऱ्या म्हाताऱ्याला मी त्या सत्तेच्या हिशेबात धरणार नाही.

प्रश्नकर्ती – रेल्वे लाइन्स

सर्वांचे मनापासून आभार. टॉवेलचे लेबल आणि तो फलक, या दोन गोष्टी मी उद्या वर्गात सांगणार आहे. होटगी रोडच्या सरांचा चागोसचा मुद्दाही मी वगळणार नाही, कारण मुलांना तोही कळला पाहिजे. माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र राहिला. २००३ मध्ये एवढी माणसे रस्त्यावर आली, तरी युद्ध झालेच. मग त्या मोर्चाने काही साधले का?

निवृत्त शिक्षक, भवानी पेठ

साधले, पण उशिरा आणि अर्धवट. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियात रासायनिक अस्त्रांचा वापर झाल्यावर अध्यक्ष ओबामा लष्करी कारवाईच्या तयारीत होते आणि ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरून यांना त्यांच्या बरोबर जायचे होते. २९ ऑगस्टला ब्रिटिश संसदेने तो प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. त्या चर्चेत खासदार पुन्हा पुन्हा इराकचे नाव घेत होते. कॅमेरून यांनी निकाल मानला, आणि दोनच दिवसांनी ओबामा यांनीही आपण अमेरिकी संसदेची संमती मागू, असे जाहीर केले. दहा वर्षांपूर्वीच्या मोर्चाचा त्या तेरा मतांच्या फरकात वाटा होता, असे मी मानतो.

अर्धवट अशासाठी म्हणतो की ब्रिटनमध्ये युद्धाचा अधिकार आजही राजाच्या नावाने पंतप्रधानाकडेच आहे. संसदेला विचारणे हा पायंडा आहे, कायदा नाही. एप्रिल २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटन यांनी सीरियावर क्षेपणास्त्रे टाकली, तेव्हा पंतप्रधान थेरेसा मे यांनी आधी मतदान घेतलेच नाही.

मूळची सोलापूरची, सध्या लेस्टर

सर, हेच शेवटचे वाक्य मी आत्ता आजोबांना इंग्रजीत सांगितले. त्यांना ते पाठ आहे. २०१८ पासून ते दरवर्षी आपल्या खासदाराला टपालाने एक पत्र लिहितात की, युद्धापूर्वी संसदेचे मतदान सक्तीचे करणारा कायदा आणा. २०२५ चे पत्र त्यांनी मोर्चाहून परत आल्यावर लिहिले. त्यांचा हात थरथरतो, म्हणून पाकिटावरचा पत्ता मी लिहून दिला.