डेझी सरसकट कापू नका: रो हाऊस बाग ग्रुपवरची चर्चा

रो हाऊस ७: नमस्कार. जाणकारांना विचारायचं होतं. आमच्या वाफ्यातल्या पांढऱ्या डेझीचा बहर ओसरत आलाय. निम्मी फुलं तपकिरी, दांडे इकडेतिकडे लोळतायत. उद्या माळीदादा येणार आहेत. ते म्हणतात, वीतभर ठेवून सगळं सरसकट कापू, पुन्हा छान फुटेल. शेजारी गुलाबी डेझीचं झुडूप आहे आणि कुंड्यांत जर्बेरा. तेही त्यांच्याकडूनच कापून घेऊ का?

रो हाऊस १२: सरसकट नको हो ताई! पांढरी एकवेळ सोसेल, पण गुलाबीचं कायमचं नुकसान होईल. तिन्ही बारमाही, तिन्ही डेझीच, पण फूट येण्याची जागा तिघींची वेगळी. फोटो टाका. फुलांचे नकोत, बुडाचे.

रो हाऊस ७: (फोटो) (फोटो) (फोटो)

रो हाऊस १२: आता नीट दिसलं. पांढरी म्हणजे शास्ता डेझी. तिच्या बुडाशी, मातीला टेकून, गडद जाड पानांचा झुबका आहे बघा. तिचा सगळा जीव त्यात. नवीन फूट मातीलगतच्या खोडापासून येते. फुलाचा दांडा एकदा फुलून संपला की त्याचं काम झालं. वीतभर ठेवून कापलं तर नुसते बोडके खुंट उभे राहतील आणि वाळतील.

त्यामुळे दांडा हातात धरून वरून खाली बघत जायचं. बाजूला एखादी कळी दिसली तर तिच्या जरा वर कापा, ती उमलेल. एकही कळी उरली नसेल तर कात्री थेट खाली, पानांच्या झुबक्यापर्यंत न्या. झुबक्याला मात्र हात लावू देऊ नका.

रो हाऊस ७: पण फूल संपलं हे कसं ओळखायचं काकू? काहींच्या पाकळ्या अजून पांढऱ्याशुभ्र आहेत, मधला भाग मात्र काळपट.

रो हाऊस १२: मधल्या भागावरूनच ओळखायचं. आपण ज्याला डेझीचं एक फूल म्हणतो तो पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो. प्रत्येक पांढरी पाकळी हे एक फूल, आणि पिवळ्या चकतीतला प्रत्येक ठिपका हेही एक फूल. चकती कडेकडून आत उमलत जाते. मध्यापर्यंत उमलून झाली आणि काळपट पडू लागली की झाड बी धरायला लागतं. मग पाकळ्या कितीही ताज्या दिसोत, ते फूल काढायचं. तुमची काळपट मध्याची सगळी काढा.

फुलदाणीत ठेवायची असतील तर उलट, चकतीच्या बाहेरच्या एकदोन ओळीच उमलल्या असताना तोडायची. जास्त टिकतात.

रो हाऊस ९: हे मला आजच कळलं. मी फक्त पाकळ्या गळण्याची वाट बघायचो.

रो हाऊस ७: आणि गुलाबी?

रो हाऊस १२: तिच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. ती मार्गेरिट डेझी, मूळची कॅनरी बेटांवरची. ती खालून झुबक्याने वाढत नाही. तिचं झुडूप होतं आणि जुनं खोड लाकडासारखं टणक, तपकिरी बनतं. त्या टणक भागावर पानं नसतात, आणि तिथपर्यंत खाली कापलं तर बहुतेक वेळा तिथून काहीच फुटत नाही. फांदी वाळते. म्हणून हिरवा, पानांचा भाग जिथवर आहे तिथवरच थांबायचं. बहर संपल्यावर हिरव्या भागाचा साधारण तिसरा हिस्सा, पानाच्या जोडाच्या थोडं वर, एवढंच. एकदाच खूप कापण्यापेक्षा अधूनमधून थोडं थोडं कापलेलं तिला मानवतं.

आणि ती काही खूप वर्षं जगणारी नाही, थोड्या वर्षांत खालून बोडकी होते. त्यामुळे छाटलेले सगळे शेंडे टाकू नका. ज्यांवर कळी नाही असे ८ ते १० सेंटीमीटरचे शेंडे घ्या, खालची पानं काढा आणि ओलसर, भुसभुशीत मिश्रणात खोचून सावलीत ठेवा. मुळं सहज धरतात. जुनं झुडूप थकेपर्यंत नवं तयार होतं.

रो हाऊस ७: केवढी उपयोगाची माहिती! जर्बेरा राहिला.

रो हाऊस १२: जर्बेराला कात्रीच नको. त्याचा दांडा बुडातून निघतो, त्यावर एकही पान नाही, नवीन फूट येईल असा डोळा नाही. मधून कापला तर उरलेला तुकडा कुजतो आणि ती कूज बुडात शिरते. दांडा अगदी खाली धरा, बाजूला कलता करून हलकासा पीळ देत ओढा. बुडापासून सुटून येतो. बाहेरची पिवळी पानंही तशीच काढा.

तुमच्या फोटोत दुसऱ्या कुंडीतला गाभा मातीत बुडालेला दिसतोय. वरची माती बाजूला करा. नवीन पानं जिथून निघतात तो भाग मातीच्या वर, उघडा राहिला पाहिजे, आणि पाणी कडेने घालायचं, गाभ्यात नाही. जर्बेरा दगावतात ते जास्त करून इथेच.

रो हाऊस ५: मला थोडं वेगळं वाटतं. वाळलेली फुलं झाडावर राहू द्यावीत. बी पडतं, नवीन रोपं आपोआप होतात, पक्ष्यांनाही दाणे मिळतात. इतकं स्वच्छ कशाला करायचं?

रो हाऊस १२: काका, पक्ष्यांचा मुद्दा अगदी मान्य. माझ्याकडे एकिनेशिया आणि रुडबेकिया ही डेझीच्याच कुळातली फुलझाडं आहेत, त्यांची शेवटच्या बहराची बोंडं मी मुद्दाम ठेवते. बहराच्या सुरुवातीला मात्र वाळकी काढली तर फुलं जास्त दिवस येत राहतात.

शास्ताच्या बियांवर मात्र विसंबू नका. ती संकरित आहे. ल्यूथर बरबँक यांनी कॅलिफोर्नियात चार वेगवेगळ्या डेझींचा संकर करत ती तयार केली. सुमारे १७ वर्षं ते निवड करत होते. १९०१ मध्ये ती लोकांसमोर आली आणि शास्ता या बर्फाच्छादित डोंगरावरून नाव पडलं. या चारांपैकी एक युरोपातली रानडेझी, एक जपानमधली. एवढं मिश्रण असल्यावर बियांतून येणारं रोप आईसारखं निघेलच असं नाही. कुठलं उंच, कुठलं बारीक फुलाचं. हवी तीच डेझी हवी असेल तर गड्डा फोडून लावायची.

त्या युरोपातल्या रानडेझीचं बी इतकं पसरतं की अमेरिकेच्या काही राज्यांत ती कायद्याने उपद्रवी तण ठरवली आहे. म्हणून रानफुलांच्या मिश्र बियांचं पाकीट पेरण्याआधी त्यात काय काय आहे ते वाचा, ही सगळ्यांना कळकळीची विनंती.

रो हाऊस ५: हे माहीत नव्हतं. मग एकिनेशियाची बोंडं ठेवतो, पांढरी साफ करतो.

रो हाऊस ३: गड्डा फोडण्यावरून विचारते. आमची पांढरी डेझी बरीच वर्षं एकाच जागी आहे. मधोमध टक्कल पडलंय आणि फुलं फक्त कडेला. रोग आहे का?

रो हाऊस १२: रोग नाही आजी, वय आहे. नवे फुटवे दरवर्षी बाहेरच्या बाजूला येतात, मधला जुना भाग टणक होऊन मरतो. शास्ता दर दोन-तीन वर्षांनी फोडून लावावीच लागते, नाहीतर झाड हळूहळू संपतं. बहर आटोपल्यावर, ऊन सौम्य असताना, किंवा नवी वाढ सुरू होण्याच्या तोंडावर हे करायचं. आदल्या दिवशी भरपूर पाणी घाला. अख्खा गड्डा खणून बाहेर काढा, फावड्याने किंवा धारदार सुरीने कडेचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला तीन-चार फुटवे आणि स्वतःची मुळं हवीत. मधला टणक भाग टाकून द्या, त्याची दया करू नका. पूर्वी होता तेवढ्याच खोलीवर लावा आणि दोन रोपांत ३० ते ४५ सेंटीमीटर अंतर ठेवा.

रो हाऊस ९: काकू, माझ्याकडे उलट प्रश्न. पानं दाट, हिरवीगार, पण फूल जवळजवळ नाहीच. खत तर मी नेमाने घालतो.

रो हाऊस १२: कोणतं?

रो हाऊस ९: लॉनवर टाकतो तेच.

रो हाऊस १२: त्यात नत्र जास्त असतं, म्हणून पानंच वाढतात आणि दांडे लुसलुशीत होऊन पडतात. ते बंद कर. वाढ सुरू होताना कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एकदा दिलंस तरी पुरे. आणि ऊन किती लागतं तिथे? सहा तास तरी हवं.

रो हाऊस ९: भिंतीमुळे दुपारनंतरच येतं.

रो हाऊस १२: मग जागा बदल. खत बदलून सावलीचा प्रश्न सुटणार नाही. नवी जागा बघताना पाणी साचत नाही ना तेही बघ. शास्ता थंडी सोसते, पण थंडीत पाय ओले राहिले तर मुळं कुजतात.

रो हाऊस ११: आमची जांभळी डेझी संध्याकाळी मिटते. आजारी आहे का?

रो हाऊस १२: आफ्रिकन डेझी असेल. ढगाळ हवेत आणि रात्री तिच्या बऱ्याच जाती मिटतात. काही करू नका.

रो हाऊस १६: अॅस्टर कुणाकडे आहेत का? माझ्या कमरेपर्यंत वाढतात आणि ऐन बहरात कोसळतात. दरवर्षी काठ्या लावून कंटाळलो. शिवाय खालच्या पानांवर पांढरी भुकटी.

रो हाऊस १२: काका, त्यांना कळ्या धरण्याआधीच छाटायचं. रोप गुडघ्याएवढं झालं की तिसरा हिस्सा ते निम्मं कापा. प्रत्येक खोडाला बाजूने फुटवे येतात, झाड बुटकं आणि भरगच्च होतं. बहर काही आठवडे लांबतो, पण काठी लागत नाही. मी तर फक्त पुढची अर्धी खोडं कापते. मागची आधी फुलतात, पुढची नंतर, आणि बाग जास्त दिवस भरलेली राहते. हीच छाटणी शेवंतीलाही लागू.

भुकटी म्हणजे भुरी, बुरशीचा रोग. दाटी कमी करा, वारा खेळू द्या, मुळाशी कोरडं पडू देऊ नका आणि पाणी पानांवर नको. भुरीची पानं कंपोस्टमध्ये टाकू नका.

रो हाऊस १६: कळ्या दिसायला लागल्यात. आता कापू?

रो हाऊस १२: आता नको, यंदाची फुलं जातील. या वर्षी काठ्या लावा.

रो हाऊस ७: काकू, माळीदादांना हे सगळं मी नीट सांगू शकेन असं वाटत नाही. तुम्ही उद्या थोडा वेळ याल का?

रो हाऊस १२: नक्की येते. पहिली दोन-तीन खोडं त्यांच्यासमोर कापून दाखवते, हात त्यांचा चांगला आहे. कात्री धुऊन, पुसून ठेवायला सांगा, आणि एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा पुसायची. हातमोजे असू द्या. डेझीच्या कुळातल्या झाडांनी काहींच्या हाताला खाज येते.

रो हाऊस ३: आमच्याही गड्ड्याचं उद्याच उरकते, आज संध्याकाळी पाणी घालते. तुकडे बरेच निघतील. कुणाला हवेत?

रो हाऊस ९: आजी, मला दोन द्या. उन्हातली जागा आज मोकळी करतो.

रो हाऊस ५: मलाही एक.

रो हाऊस १२: दोघांनी खड्डे आधी करून ठेवा. आजी, तुकडे निघाले की मुळं ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा आणि लगेच कळवा. उद्याच लागले पाहिजेत. लावल्यावर पहिले काही आठवडे पाणी चुकवायचं नाही.