बी विंगच्या लिफ्टची क्लिप

बी-३०२ वहिनी: लिफ्टमध्ये लहान मुलीशी झालेल्या गैरप्रकाराची क्लिप काल रात्री ज्यांनी ग्रुपवर टाकली त्यांनी ती आत्ता 'सर्वांसाठी' डिलीट करा. चेहरा ब्लर केलाय, पण गणवेश आणि मजला दिसतोय. पोर कुणाची हे कुणीही ओळखेल. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) कलम २३ प्रमाणे ओळख उघड केली तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

ए-१०१ नाना: हेतू चांगलाच होता. पण आधी कमिटीची मीटिंग, मग पोलीस. सोसायटीचं नाव पेपरात नको.

बी-३०२ वहिनी: नाना, मीटिंगची वाट बघता येत नाही. मूल १८च्या आतलं असलं की ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच, कलम १९. गप्प बसलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. ११२ लावा, नाहीतर मुलांची हेल्पलाइन १०९८. हद्दीचं कारण देऊन परत पाठवलं तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार) मागा.

सेक्रेटरी: कळवलंय. महिला अधिकारी घरी येणार आहेत.

बी-३०२ वहिनी: छान. जबाब घरी, साध्या कपड्यात, शक्यतो महिला पोलिसानेच घ्यायचा. तोवर कुणी काकू-आजींनी त्या घरी जाऊन 'नेमकं काय झालं बाळा' विचारू नका. दहा जणांनी विचारलं की शब्द बदलतात, आणि कोर्टात त्याच फरकावर उलटतपासणी होते. आईने एकदाच ऐकावं, मध्ये काही सुचवू नये आणि मुलीचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत.

सी-५०४: वॉचमन आधी बदला! गेट उघडं, गेस्ट पार्किंगमध्ये कुणाच्याही गाड्या.

ए-२०३: पार्किंग इथे काढू नका. तुमचीच दुसरी गाडी तिथे असते.

सी-५०४: तुम्ही आधी मेन्टेनन्स भरा.

ए-२०३: लिफ्टमध्ये पण आता पार्किंग द्या यांना 😂

डॉक्टर ताई (डी-४०१): दादा, हसण्याचा विषय नाही हा. आणि वॉचमनचं म्हणाल तर, एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) आकड्यांत लहान मुलींवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीतलेच असतात.

ए-१०१ नाना: म्हणूनच म्हणतो, आधी मीटिंग.

डॉक्टर ताई: तिच्या आईला मी वेगळं कळवतेच, सगळ्यांनी लक्षात ठेवा. त्या दिवसाचे कपडे धुवायचे नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नाही, ओल धरून बुरशी येते आणि नमुना खराब होतो. सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. एफआयआर झाला नसला तरी तपासणी होते, मुलीची महिला डॉक्टरनेच करायची, सोबत आई चालते. 'टू फिंगर' (योनीमार्गात बोटं घालून करायची) चाचणी करू द्यायची नाही, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तिला ठाम मनाई केली आहे. बलात्काराचा प्रकार असेल तर एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, २८ दिवस घ्यायची. उपचार फुकट, खासगी दवाखान्यातसुद्धा. नाकारणं गुन्हा आहे.

डी-१०४ (कॅमेरे बघणारे): डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) साधारण १५ दिवसांत जुनं पुसून वर नवं लिहितो. आजच रेकॉर्डिंग मूळ फॉरमॅटमध्ये वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतो. स्क्रीनचं मोबाइलने शूटिंग पुरावा म्हणून लंगडं पडतं. आपल्या डीव्हीआरचं घड्याळ १७ मिनिटं पुढे आहे. ते आता सरळ करू नका, फरक लिहून पोलिसांना द्या. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल.

ए-१०१ नाना: रविवारी ११ ला मीटिंग. विषय: लिफ्ट.

बी-३०२ वहिनी: नाना, विषयात मजला नको, विंग नको. अत्याचारग्रस्त महिला-मुलांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेत मदत बसते का हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारता येतं, ते आईवडिलांना सांगू. वकीलही तिथून मोफत मिळतो.

सेक्रेटरी: ग्रुपवरून क्लिप डिलीट झाली. पण अजून तिघांच्या स्टेटसला दिसतेय. सी-५०४, तुमच्याही.