हरसूलकडे दोन दिवस: जुलैत जावं का?

गंगापूररोडकर: नाशिकहून हरसूलच्या वाटेवर, वाघेरा घाटापलीकडे एका पाड्यावर ओळखीच्यांकडे राहायचं ठरतंय. आई ६४ वर्षांची, मुलगी सातवीत. लेकीला धबधब्याखाली भिजायचंय, आईला घसरायची धास्ती. जुलैचा तिसरा आठवडा बरा का? दुगारवाडीचा धबधबाही उरकता येईल का?

रानवाट: दुगारवाडी त्र्यंबक-जव्हार रस्त्यावर आहे, आणि "उरकायची" जागा नाही ती. वाटेत ओढा ओलांडावा लागतो. जाताना पाणी घोट्याएवढं होतं आमच्या वेळी. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, पण वरच्या पठारावर कोसळला असणार. तासाभरात पाणी गढूळ झालं, काटक्या वाहत यायला लागल्या. काही न बोलता परत फिरलो. पाण्याचा रंग बदलला की फोटो विसरायचा.

भटकी_मावशी: नाशिकच्या पावसावरून अंदाज बांधू नका. शहरात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास, इगतपुरीला ३००० च्या वर. घाटमाथ्याकडे सरकाल तसा पाऊस वाढतो. शिवाय जुलैत धुक्यात दरी दिसतच नाही, हे कुणी सांगत नाही!

पेठकर: मी पेठ तालुक्यातला. जुलैत आमची आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते, घरातलं झाडून सगळं माणूस चिखलात. तेव्हा पाहुणा आला तर यजमानांची पंचाईत, ते तोंडावर बोलणार नाहीत. सप्टेंबरअखेर या. पाणी निवळलेलं, तेरड्याने उतार गुलाबी, भात पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात. बांधावरून चालू नका, कडा ढासळते. आणि धबधबे बघून "इथे पाण्याची चंगळ" म्हणू नका. उतार उभा, खाली कातळ, पाणी थांबत नाही. मे महिन्यात इथल्याच कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघतात.

गंगापूररोडकर: आवणीचं डोक्यातच आलं नव्हतं. मग सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. लेक रुसलीय. आईला रबरी चपला चालतील ना?

भटकी_मावशी: शेवाळावर त्या साबणासारख्या होतात. मागे पट्टा असलेल्या, खाचांच्या तळव्याच्या सँडल घ्या, हातात काठी. लेकीला भिजवायचं तर पाड्यातल्या बायांना विचारा, कपडे धुवायचा उथळ ओहोळ त्याच दाखवतील.

पेठकर: जेवणाचं आदल्या दिवशी कळवा आणि पैसे आधी ठरवा, आग्रहाला भुलू नका. नागलीची (नाचणीची) भाकरी नक्की मागा. गव्हाची पोळी कराल का, असं मात्र विचारू नका.