आजोबांच्या डब्यातली नाणी ऑनलाइन लिलावात विकायची आहेत, सुरुवात कुठून करावी?

कोकणकडा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घरातल्या जुन्या डब्यात चांदीचे राणीछाप-राजाछाप रुपये (२३), तांब्याच्या शिवराया (४० च्या आसपास) आणि एक रुपयाच्या जुन्या नोटा (१५) निघाल्या आहेत. सोनार रुपये चांदीच्या वजनावर घेतो म्हणतो. फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरच्या नाणेसंग्राहकांच्या गटांत रोज लिलाव होतात, तिथे विकावं असा विचार आहे.

सगळं एकत्र विकावं की सुटं? बोली किती रुपयांपासून सुरू करावी? नाणी काळी पडली आहेत, साफ करून फोटो काढू का? आणि पैसे व पाठवणी यांत फसगत होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

टांकसाळ

सगळ्यात आधी एकच विनंती: नाण्यांना हात लावू नका. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, सोनाराचं ॲसिड, काहीही नको. चांदीवरचा काळसर थर आणि तांब्यावरचा तपकिरी थर ही नाण्याची कातडी आहे. घासलं की पृष्ठभागावर बारीक समांतर ओरखडे पडतात, मूळ झळाळी जाते आणि ती पुन्हा येत नाही. जाणकाराला हे फोटोतही दिसतं आणि बोली तिथेच थांबते. माती फारच बसली असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि मऊ कापडावर टेकवून सुकवा. पुसू नका.

मग रुपये वेगळे करा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. १८६२ ते १९४५ पर्यंतच्या प्रत्येक चांदीच्या रुपयाचं प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. झिजलेल्याचं ११.४-११.५ भरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण चांदी सगळ्यांत सारखी नाही. १९३९ पर्यंत ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ मध्ये फक्त ५० टक्के, म्हणजे ५.८३ ग्रॅम. १९४७ चा वाघछाप रुपया निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटतो आणि तरी अस्सल असतो. सोनाराने सगळ्यांना एकच भाव सांगितला असेल तर तो तिथेच तपासून घ्या.

खरंखोटं बघायला घरी होणारी चाचणी अशी. काट्यावर पाण्याचा प्लास्टिकचा कप ठेवून शून्य करा. नाणं शिवणाच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा कडेला लागू देऊ नका आणि त्यावर हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. काट्यावर येईल तो आकडा म्हणजे नाण्याने हटवलेलं पाणी. कोरडं वजन भागिले तो आकडा. ११.६६ ग्रॅमच्या जुन्या रुपयाला साधारण १.१३ आला पाहिजे, म्हणजे भागाकार १०.३. पन्नास टक्केवाल्याचा भागाकार साडेनऊच्या आसपास येतो. १.३० च्या पुढे आकडा गेला तर ते पितळ किंवा जर्मन सिल्व्हर समजा आणि लिलावात टाकू नका. एक खोटं नाणं गेलं की त्या गटात तुमचं पुढचं एकही नाणं विकलं जात नाही.

साल आणि टांकसाळ दोन्ही लिहा. मुंबईत पाडलेल्या बहुतेक रुपयांवर टांकसाळीची बारीक खूण असते, कलकत्त्याच्या रुपयांवर नसते. १८६२ च्या रुपयांत विशेष लक्ष घाला. हे साल १८७४ पर्यंत तसंच ठेवून रुपये पाडले जात होते, आणि काट्याच्या (मागच्या) बाजूला वर-खाली असलेल्या बारीक ठिपक्यांच्या संख्येवरून संग्राहक त्यांचे प्रकार करतात. ठिपके मोजल्याशिवाय '१८६२ चा रुपया' एवढंच लिहिलंत तर साध्या प्रकाराचाच भाव मिळेल. १९११ चा पंचम जॉर्ज असेल तर झग्यावरचा हत्ती पाहा. त्याची सोंड आखूड पडली, तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून चित्र बदललं. त्या भागाचा जवळून फोटो हवाच. १९३९ चा चांदीचा रुपया फार कमी मिळतो, म्हणून त्याच्या शेवटच्या ९ वर भिंग धरा. आकडा कोरून बदललेला नसावा.

आणि कड बघा. आपल्याकडे रुपयांचे हार करत. कडी काढून टाकली तरी राजाच्या डोक्यावर, घड्याळातल्या बाराच्या जागी, डाखाचा (कडी सांधलेल्या धातूचा) फुगवटा किंवा घासल्याची खूण राहते. असेल तर वर्णनात स्पष्ट लिहा. किंमत उतरते, पण घेणाऱ्याला पार्सल उघडल्यावर कळलं तर नाणंही परत येतं आणि नावही जातं.

दुदांडी

शिवरायांबद्दल लिहितो, कारण लिलावात सगळ्यात जास्त चुका यांच्याच वर्णनात असतात. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र / पति' ही अक्षरं दिसली की सरसकट 'महाराजांच्या काळातलं दुर्मीळ नाणं' असं लिहिलं जातं. शिवराई पेशवाईत आणि तिच्यानंतरही पाडली जात होती. मधोमध दोन समांतर रेघा असलेली दुदांडी तर नंतरचीच. घराघरांत सापडणाऱ्या बहुतेक शिवराया या नंतरच्या आहेत आणि त्या मुबलक आहेत. महाराजांच्या नावाने भाव मागितलात तर जाणकार बोली लावत नाहीत आणि नवखे फसतात. महाराजांच्या नावाचा व्यवहार तरी स्वच्छ असावा असं मला मनापासून वाटतं. काळ ठरवता येत नसेल तर 'शिवराई, वजन अमुक, फोटो पाहून ठरवावे' असं लिहा.

ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर अक्षरांचा वेगळा भाग उमटतो. चाळीसपैकी ज्यांवर तीनही ओळी आणि ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं अशी पाच-सहा निघतील. ती सुटी लावा. राहिलेली दहा-दहाच्या लॉटमध्ये.

फोटोचं तंत्र: खिडकीजवळ, ऊन थेट न येणारी जागा. खाली राखाडी कागद. पांढऱ्यावर मोबाइल उजेड कमी करतो आणि तांबं काळंठिक्कर दिसतं. मोबाइल नाण्यावर अगदी खाली आणू नका. त्याची सावली पडते आणि कडा वाकड्या दिसतात. २५-३० सेंटिमीटर वर धरा, दुप्पट झूम करा आणि नंतर कापा. शिवराईला उजेड बाजूने, अगदी तिरपा हवा, तरच झिजलेल्या 'शिव'च्या वेलांट्या उठतात. नाणं चिमटीत धरून हळूहळू फिरवा, ज्या कोनात अक्षर वाचता येतं तिथे थांबा. दोन्ही बाजू, कड आणि काट्यावरचं वजन, असे चार फोटो. रंग उजळणारे फिल्टर लावू नका.

नोटांना स्टेपल, लॅमिनेशन, इस्त्री यांतलं काही करू नका. एक रुपयाची नोट भारत सरकारची असते, तिच्यावर गव्हर्नरची नव्हे तर वित्त सचिवांची सही असते. म्हणून वर्णनात सही, साल, इनसेट अक्षर (क्रमांकाच्या चौकटीतलं सुटं इंग्रजी अक्षर) आणि क्रमांक द्या. एक फोटो उजेडासमोर धरून काढा, टाचणीची भोकं त्यात दिसतात. घड्या मोजून लिहा.

तिसरी_बोली

बोलीबद्दल. एक रुपयापासून सुरुवात केली की गर्दी होते हा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच खरा आहे. ज्या नाण्याला किमान तीन-चार जण हमखास घेणारे आहेत तिथेच तो चालतो. दोघांच्या चढाओढीनेच भाव वर जातो. घेणारा एकच असला तर नाणं त्याला सुरुवातीच्या बोलीवर जातं आणि गटात शब्द दिल्यावर मागे घेता येत नाही. चांदीच्या साध्या रुपयाला सुरुवातीची बोली त्या दिवशीच्या चांदीच्या भावावर ठेवा: १०.६९ (१९४०-४५ च्या रुपयाला ५.८३) गुणिले प्रति ग्रॅम भाव. त्याखाली गेलात तर सोनार बरा होता.

विकायच्या आधी दोन आठवडे त्या गटाचे संपलेले लिलाव वाचा. मागितलेले भाव सोडून द्या, प्रत्यक्षात किती रुपयांना गेलं तेवढंच वहीत लिहा, सोबत नाण्याची प्रत, म्हणजे दर्जा. एकाच सालाचा रुपया व्हीएफ (थोडा झिजलेला) आणि यूएनसी (न वापरलेला) यांत किती पटींचा फरक पडतो ते तिथेच कळेल. स्वतः प्रत ठरवताना केस, मुकुट आणि गाल हे उंच भाग बघा, झीज आधी तिथे होते.

नियम पहिल्याच संदेशात: सुरुवातीची बोली, बोलीची पायरी (५०० पर्यंत २०, २,००० पर्यंत ५०, पुढे १००), संपण्याची वेळ, टपालखर्च कोणाचा, पैसे किती तासांत. रविवारी रात्री ९ ला संपेल असं ठेवा. व्हॉट्सॲपवर नेटवर्कमुळे संदेश मागेपुढे पोचतात आणि शेवटच्या मिनिटाला भांडणं होतात. उपाय: 'शेवटच्या बोलीनंतर ३ मिनिटं शांतता असेल तरच लिलाव संपला' आणि 'ॲडमिनच्या फोनवरची वेळ ग्राह्य'. ओळखीच्या माणसाला खोटी बोली लावायला सांगू नका. गट लहान असतात, लक्षात येतं.

एका दिवशी २३ रुपये टाकू नका. तेच पाच-सात जण घेणारे असतात, त्यांचे पैसे पहिल्या सहा नाण्यांत संपतात. आठवड्याला चार.

कोकणकडा

फार उपयोग झाला. ठिपके मोजले: १८६२ चे तीन आहेत, पैकी एकाचे ठिपके वेगळे. तेही गटातच टाकू का? आणि पाठवणीचं कोणी सांगेल का?

टपालहंशील

वेगळा वाटतो तो आधी एखाद्या लिलावगृहाला फोटो पाठवून दाखवा. मुंबईत टोडीवाला, ओसवाल, राजगोर, अहमदाबादला क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी, बंगळूरूला मरुधर, अशी घरं आहेत. देण्याआधी लेखी विचारा: विकणाऱ्याकडून कमिशन किती, राखीव किंमत ठेवता येते का, न विकल्यास परत कधी, पैसे किती दिवसांनी. घेणाऱ्याकडूनही ते वर रक्कम घेतात. बोली लावणारा ती धरूनच आपली मर्यादा ठरवतो, म्हणून तिथली बोली आणि गटातली बोली थेट तुलनेला घेऊ नका.

कायद्याचं नीट समजून घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षं पुरी झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर पाठवता येत नाही, मग परदेशातला ग्राहक कितीही देवो. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणून जुन्या नाण्यांसाठी परवानाधारक लिलावगृह हा सरळ मार्ग. जमिनीत पुरलेलं सापडलं असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. घरातला डबा असेल तर आजोबांचं एखादं पत्र, नोंदवही जपून ठेवा.

पैसे: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. समोरचा तसं सांगत असेल तर व्यवहार बंद. स्क्रीनशॉटवर पाठवू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्यावरच पाठवा. 'तुमची नाणी लाखाला घेतो, आधी नोंदणी शुल्क किंवा कर भरा' असे फोन येतील. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की ती असं कोणतंही शुल्क घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

पाठवणी: नाणं पारदर्शक खिडकीच्या पुठ्ठा-होल्डरमध्ये, पिनांची टोकं पक्कडीने दाबून सपाट. मऊ, वास येणारं प्लास्टिक नको, त्यातून तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. होल्डर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, चारही बाजूंनी टेप. हलवल्यावर आवाज आला तर पुन्हा बांधा, कारण सुटं नाणं पाकिटाचा कोपरा फाडून बाहेर पडतं. वर 'नाणी' लिहू नका. बऱ्याच खाजगी कुरिअरच्या अटींत नाणी-नोटा बसत नाहीत, हरवलं तर भरपाई नाही. पोस्टातून विमा उतरवून पाठवा. बांधताना नाणं, वजन आणि पत्ता एकाच अखंड व्हिडिओत घ्या.

विजेत्याने ४८ तासांत पैसे दिले नाहीत तर दुसऱ्या बोलीवाल्याला त्याच्याच बोलीवर विचारा. नाही म्हणाला तर महिनाभर थांबून मग पुन्हा लावा. लगेच लावलं की नाण्यात काही खोट आहे अशी शंका येते.

टांकसाळ

@कोकणकडा, त्या वेगळ्या १८६२ च्या दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका. ठिपके मोजताना दिवा डावीकडे आणि मग उजवीकडे ठेवून दोनदा मोजा. झिजलेल्या नाण्यावर एक ठिपका उजेडात हरवतो आणि प्रकार चुकतो.