डिस्टचेक चालू असताना डिरेक्टरी ७७७ का होते?

बिल्डकरी:
एका लिनक्स सर्व्हरवर आम्ही आठ जण सी प्रकल्प बिल्ड करतो. होम डिरेक्टऱ्या ७५५ (लिहिणं फक्त मालकाला), सगळ्यांचा यूमास्क (नव्या फाइलीला कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते ठरवणारी सेटिंग) ०२२. तरी ‘मेक डिस्टचेक’ (वाटपासाठीचं पॅकेज तपासणारी आज्ञा) चालू असताना टारबॉलमधून, म्हणजे एकत्र बांधलेल्या सोर्समधून, सुटलेली डिरेक्टरी क्षणभर ७७७ (कुणालाही लिहिता येईल अशी) दिसते. यूमास्क असूनही हे कसं? आणि ऑटोमेक (मेकफाइलचा साचा बनवून देणारं साधन) नवं टाकलं की मिटेल का?

अर्धविराम:
यूमास्क लागतो तो फाइल बनते तेव्हा. सीएचमॉडला (परवानगी बदलणारी आज्ञा) ‘ए+डब्ल्यू’, म्हणजे सगळ्यांना लिहू दे, असं ठणकावून सांगितलं की तो यूमास्ककडे ढुंकूनही बघत नाही. (नुसतं ‘+डब्ल्यू’ असतं तर बघितलं असतं.) जुनं डिस्टचेक आधी सगळ्या झाडावरची लिहिण्याची परवानगी काढतं, मग सर्वांत वरच्या डिरेक्टरीला ‘ए+डब्ल्यू’ देतं, आत ‘_बिल्ड’ आणि ‘_इन्स्ट’ बनवतं आणि परवानगी परत काढून घेतं.

फट या दोन डिरेक्टऱ्या बनवण्यापुरतीच, पण तेवढी पुरते. ‘कॉन्फिगर’ (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) रीड-ओन्ली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फाइल पुसायला किंवा तिचं नाव बदलायला परवानगी लागते ती डिरेक्टरीची. त्या फटीत कुणी ‘कॉन्फिगर’ बाजूला सारून तिथे आपली स्क्रिप्ट ठेवली, तर पुढच्याच पायरीला ती तुमच्या अधिकारात चालते.

हीच ती सीव्हीई-२०१२-३३८६ (सुरक्षा त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक). ऑटोमेक १.११.६ आणि १.१२.२ मध्ये ‘ए’ चा ‘यू’ (फक्त मालक) केला, एका अक्षराचं काम.

खिडकीबंद:
पण नुसतं ऑटोमेक बदलून भागणार नाही. ती ओळ प्रत्येक प्रकल्पाच्या ‘मेकफाइल.इन’ मध्ये आधीच उतरलेली असते. ग्रेपने (मजकूर शोधणारी आज्ञा) तिथे ‘सीएचमॉड ए+डब्ल्यू’ शोधा. सापडली तर नव्या ऑटोमेकसह ‘ऑटोरीकॉन्फ -एफआय’ चालवा, म्हणजे ‘मेकफाइल.इन’ नव्याने बनेल, मग पुन्हा कॉन्फिगर. जुनी टारबॉल नुसती कॉन्फिगर-मेक-इन्स्टॉल करणाऱ्याला या ओळीचा त्रास नाही. ती फक्त डिस्टचेकमध्ये चालते.

तोवर ७०० परवानगीच्या डिरेक्टरीत बिल्ड करा. वरच्या डिरेक्टरीतून आत शिरताच येत नसेल, तर आतली ७७७ असून इतरांना तिथवर पोचता येत नाही. ‘/टेम्प’ मध्येच करायचं असेल तर ‘एमकेटेम्प -डी’ वापरा, ते ७०० चीच डिरेक्टरी देतं. ठरलेल्या नावाची डिरेक्टरी तिथे कधीच नको. ते नाव आधीच कुणीतरी अडवून बसू शकतं.

बिल्डकरी:
सापडली, तीन प्रकल्पांत. त्यातल्या एकाच्या २००८ च्या टारबॉलमध्ये तर सगळ्याच डिरेक्टऱ्या ७७७ आहेत. हेही त्यामुळेच?

अर्धविराम:
नाही, ती हिची थोरली बहीण, सीव्हीई-२००९-४०२९. तिथे ‘मेक डिस्ट’ (टारबॉल बनवणारी आज्ञा) च सगळ्या डिरेक्टऱ्या ७७७ करायचं. गंमत म्हणजे तो हलगर्जीपणा नव्हता. फार जुन्या टारला (टारबॉल बांधणारा-उलगडणारा प्रोग्राम) साध्या युजरकडून फाइली उलगडताना अडचण यायची, म्हणून ग्नू प्रकल्पाची मानकंच तेव्हा ७७७ सुचवत. आता ७५५ सांगतात. असं टारबॉल रूटने (सर्वाधिकारी युजर) उलगडू नका, कारण रूटसाठी टार यूमास्क लावतच नाही. इलाजच नसेल तर टारला ‘--नो-सेम-परमिशन्स’ आणि ‘--नो-सेम-ओनर’ दोन्ही द्या.