मदत हवी आहे: आरओपीचं इंजेक्शन झालं, पुढच्या तपासण्या कुठे?

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीचे. ताईचं बाळ 29 आठवड्यांचं असतानाच झालं. दोन्ही डोळ्यांत आरओपी निघाला, म्हणजे पडद्यावर नको तिथे रक्तवाहिन्या वाढायला लागल्या. मुंबईत डोळ्यांत इंजेक्शन दिलं, वाहिन्या ओसरल्यात. पण डॉक्टरांनी बजावलंय, औषधाचा जोर उतरल्यावर त्या काही आठवड्यांनी, महिन्यांनीसुद्धा परत वाढू शकतात. वाढल्या तर पुन्हा इंजेक्शन किंवा लेझर. त्यामुळे तपासणी चुकवायची नाही.

एवढ्याशा जिवाला दर वेळी लोकलने न्यायचं म्हणजे परीक्षाच. थेंब घालायचे, बाहुली मोठी व्हायची वाट बघायची, मग चिमट्याने पापण्या उघडल्या की ते रडून लालबुंद. (त्यात आजींचा काजळाचा हट्ट. तो मोडून काढलाय!)

तर ठाणे, वाशी, नेरूळकडे लहान बाळांचे पडदे नियमित तपासणारे रेटिना डॉक्टर कोणाच्या माहितीत आहेत का? साधा चष्म्याचा दवाखाना नको. आरओपी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतो. ठाण्यात त्यातून कोणाचा उपचार झाला असेल तर कागदपत्रं काय लागली? आणि इंजेक्शननंतर कोणाच्या बाळाला लेझर करावं लागलं का?