नर्स कमी आहेत म्हणतात आणि शिकलेल्या नर्स घरी बसून आहेत, हे कसं काय?

ऋतुगंध
नमस्कार मंडळी, पब्लिक हेल्थच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सेमिनारला विषय आलाय गरीब देशांतली आरोग्यव्यवस्था आणि तिथले कर्मचारी. जे वाचावं त्यात मनुष्यबळाची टंचाई हेच येतं. डब्ल्यूएचओच्या २००६ च्या अहवालात ५७ देशांत गंभीर तुटवडा आणि एकूण ४३ लाख माणसं कमी असं होतं, आणि त्यातलाच एक आकडा डोक्यातून जातच नाहीये, की जगातल्या आजारपणाचा २४ टक्के भार आफ्रिकेवर आणि आरोग्य कर्मचारी मात्र जगातले फक्त ३ टक्के. मग काल केनियाबद्दल वाचलं तर तिथे शिकून रजिस्टर झालेल्या कितीतरी नर्सना नोकरीच नाही. म्हणजे माणसं कमी पण आहेत आणि रिकामी पण बसलीत? नर्सिंग कॉलेजं वाढवणं हाच उपाय असेल तर मग ही बेकारी कुठून आली? कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

सरळरेघ
दोन्ही खरं आहे. टंचाई मोजतात ती लोकसंख्येला किती माणसं लागतात त्यावरून, आणि नोकरी निघते ती मंजूर पदं किती आणि पगाराला पैसे किती यावरून. आरोग्य खात्याला माणसं हवी असतात पण भरतीच्या फाइलवर सही अर्थखात्याची लागते आणि तिथे सरकारी पगाराच्या एकूण खर्चाला मर्यादा घातलेली असते, कर्ज देणाऱ्यांचा आग्रह असतो म्हणून कधी, तर कधी खरंच तिजोरीत खडखडाट असतो म्हणून. २००१ मध्ये नायजेरियाच्या राजधानीत, अबुजाला, आफ्रिकन देशांच्या प्रमुखांनी बजेटचे निदान १५ टक्के आरोग्याला देऊ असं जाहीर केलं होतं, बहुतेक देश त्याच्या आसपासही पोचले नाहीत. बाहेरून मदत देणारेसुद्धा लस देतील, इमारत बांधतील, चार दिवसांचं ट्रेनिंग घेतील, पण पगार द्यायला सहसा तयार नसतात कारण पगार एकदा सुरू केला की दर महिन्याला द्यावा लागतो. मला हा सगळ्यात मोठा घोळ वाटतो. कॉलेजं काढून फक्त बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढते, पुढे त्यांना उभं राहायला जागाच नसते.

याला एक अपवाद नक्की वाच, आफ्रिकेतलाच मालावी. २००४ मध्ये त्यांनी ठरवलं की आहेत ती माणसं आधी टिकवायची आणि मदतीच्या पैशातून डॉक्टर-नर्स वगैरेंचा पगार ५२ टक्क्यांनी वाढवला, सोबत ट्रेनिंगच्या जागाही वाढवल्या. ब्रिटनने आणि ग्लोबल फंडाने (एड्स, टीबी, मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी) पैसे दिले. त्यानंतर कर्मचाऱ्यांची संख्या बऱ्यापैकी वाढली.

रानपाखरू
मालावीचं नाव निघालं म्हणून लिहितेय, मी नर्स आहे आणि तिथे दीड वर्ष एका संस्थेच्या कामावर होते. सरळरेघ यांचं पगाराचं सगळं बरोबर आहे पण मी त्यात औषधाचा डबा मिळवेन.

तिथे गावपातळीवर हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट असतात, सरकारी पगारावर, साधारण हजार लोकांमागे एक असावा असा हिशोब, प्रत्यक्षात एकेकाकडे पुष्कळ जास्त लोक असायचे. पाच वर्षांखालच्या मुलांचा मलेरिया, जुलाब आणि न्यूमोनिया गावातच बघायचा. आमच्या भागातला एक असिस्टंट पंचविशीचा असेल, सायकलवर फिरायचा. एक बाई सात महिन्यांचं बाळ घेऊन आली, त्याने बाळाचा शर्ट वर केला, टायमर लावला आणि ओठ हलवत मिनिटभर श्वास मोजले. ५८. त्या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त भरले की न्यूमोनिया धरून औषध सुरू करायचं. निदान बरोबर, वेळेत, डॉक्टरशिवाय. मग डबा उघडला तर अँटिबायोटिकच्या गोळ्या संपलेल्या, तीन आठवड्यांपासून. त्याने रिपोर्टमध्ये दोनदा लिहून पाठवलं होतं. मी शेजारी उभी होते आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

हे एकदा झालं की बाई पुढच्या वेळी येत नाही हो. गावाच्या दृष्टीने त्या असिस्टंटला काही येत नाही असं होतं. त्यात त्याच्याकडे प्रत्येक प्रोजेक्टचं वेगळं रजिस्टर, मलेरियाचं वेगळं, लसीकरणाचं वेगळं, पोषणाचं वेगळं, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात तेच ते आकडे पाच ठिकाणी उतरवत बसायचा. त्याला अजून एक ट्रेनिंग देऊन काय होणार होतं?

जुनाप्रवासी
टंचाईचा विषय निघाला की परदेशी जाणाऱ्या नर्सकडे बोट दाखवतात, त्यांना बोल लावू नका एवढंच सांगायचंय. श्रीमंत देशांनी आपल्याला लागतील तेवढ्या नर्स स्वतः शिकवायला हव्यात. २०१० ला डब्ल्यूएचओची भरतीविषयी आचारसंहिता आली आणि २०२३ च्या यादीत ५५ देश आहेत जिथून मुद्दाम भरती करू नये असं सांगितलंय, पण सगळं ऐच्छिक, मोडलं तरी शिक्षा नाही.

ऋतुगंध
खूप खूप आभार सगळ्यांचे. रानपाखरू ताई, तुमचं वाचून सुन्न झाले. मग गावातल्याच स्वयंसेवक बायकांकडून काम करून घेणं, जे स्वस्त आणि टिकाऊ म्हणून सगळीकडे सुचवलेलं दिसतं, ते बरोबर आहे का?

सरळरेघ
गावातल्या बायका हो, फुकट नाही. इथियोपियाने २००३ पासून दहावी शिकलेल्या मुली घेतल्या, वर्षभराचं शिक्षण दिलं, साधारण पाच हजार लोकांमागे दोघी, आणि मुख्य म्हणजे सरकारी पगार दिला. अशा ३० हजारांवर जणी उभ्या केल्या. १९९० च्या मानाने बालमृत्यू दोन तृतीयांशाने कमी करायचं, संयुक्त राष्ट्रांनी २०१५ पर्यंतचं ठेवलेलं उद्दिष्ट त्यांनी मुदतीआधी गाठलं, त्यात या मुलींचा मोठा वाटा मानतात. डब्ल्यूएचओनेही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय की अशा कार्यकर्त्यांना कामाच्या मानाने मोबदला द्या आणि तो फक्त किंवा मुख्यतः केसमागे इतके अशा हिशोबावर ठेवू नका. स्वयंसेवक म्हणायचं आणि दिवसभर राबवून घ्यायचं, जबाबदारी पूर्ण आणि वर हक्क काहीच नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

आणि सुरक्षिततेचा भाग सेमिनारला घेच. २०१४-१५ च्या इबोलाच्या साथीत पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातले सुमारे ८ टक्के डॉक्टर, नर्स आणि सुईणी दगावल्या. आधीच मूठभर होते. सुरुवातीला कित्येक ठिकाणी हातमोजेसुद्धा पुरेसे नव्हते.

ऋतुगंध
हे सगळं घेते. ताई, एक विचारू का, त्या बाळाचं पुढे काय झालं?

रानपाखरू
वाचलं गं. आमची गाडी होती म्हणून त्याच दुपारी हेल्थ सेंटरला पोचवलं, तिथे औषध होतं. गाडी नसती तर चालत जावं लागलं असतं, चार तास तरी. गावात गोळ्या आल्या त्यानंतर बारा दिवसांनी, आणि त्या दिवशी तो मुलगा सायकल काढून दारोदार सांगत फिरला की डबा भरलाय, आता या.